आधी हे ने

ते जाड पुस्तक ठेव खाली, प्रज्वल.
मुखपृष्ठावरचा ड्रॅगन कुठं पळून जात नाही.
सातपूरची रात्रपाळी करून आलास,
डोळे तांबडे, बोटांना कूलंटचा वास,
आणि म्हणतोस, "काकू, अजून जादूचं द्या."

आधी हे ने.
बारीक आहे. कव्हर मीच घातलंय, सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं.
यातला मांत्रिक स्वतःचाच मंत्र विसरलाय
आणि गावोगाव विचारत फिरतो:
कुणी ऐकला होता का?

पहिली चाळीस पानं नुसती चाल.
पांडवलेण्याच्या पायऱ्या समज. धाप लागेल,
मध्येच वाटेल, उतरावं, खाली मिसळ खावी.
उतरू नकोस.
एक्केचाळिसाव्यावर नदी उलटी वाहते.

नकाशा फाटलाय. उत्तरेचं राज्य
त्र्याऐंशी साली गेलं कुण्या सभासदाच्या दप्तरातून.
हळदीचा डाग दिसेल तिथं जरा थांब;
तिथं माझी भाजी करपली होती.

तलवारी? आहेत दोन. एक गंजलेली.
राजकन्या नाही, तिची धुणी धुणारी आहे,
आणि तिला सगळी भुतं घाबरतात.

*

तीन आठवड्यांनी आलास
रविवार कारंजावरून धावत, हेल्मेटसकट.
"शेवटची अकरा पानंच नाहीत!
तो दरवाजा उघडतो का?"

मला काय ठाऊक.
मीही तिथंच उभी आहे
इतकी वर्षं, दंड न भरता.
बस. चहा सांगते.
तुला काय वाटतं, ते आधी सांग.