हातचा

ईसाल्मीच्या दूध संघात दर गुरुवारी
वेसा सर्व्हर बंद करून चालू करतो.
का, ते त्याला ठाऊक नाही.
त्याच्या आधीचाही करायचा.
नाही केला तर शुक्रवारी पहाटे
टँकर आवारात घरघरत उभे
आणि पडद्यावर एकच ओळ : मेमरी संपली.

पिर्क्कोच्या निवृत्तीला अकरा आठवडे उरलेत.
म्हणाली, मला बघू दे एकदा.

लूप साधा आहे. तिनेच लिहिलेला,
धाकटा पोटात असताना.
एकेक गोठा घ्यायचा, त्याची नोंद हातात धरायची,
स्निग्धांश भागिले लिटर,
आकडा मांडायचा, हात मोकळा करायचा. पुढचा गोठा.
दोनशे तेरापर्यंत सगळं सुरळीत.
दोनशे चौदा शेवटचा, तळ्यापलीकडचा.
तिथे लिटर शून्य.

शून्याने भागायला गेला की लूप मोडतो.
आवाज होत नाही.
वरच्यावर कुणीतरी तो अपवाद झेलतं,
तारीख-वेळ टिपून ठेवतं,
आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा गोठा पहिला.
झेलला ना? मग झालं की.
पण हात मोकळा करायची ओळ
लूपच्या तळाशी होती
आणि तिथवर कुणी पोचलंच नाही.

बेरजेत हातचा एक धरावा
आणि तेवढ्यात कुणी पाटी ओढून न्यावी,
तसं.
मुडपलेलं बोट मुडपलेलंच.
दिवसाला शहाण्णव बोटं.
इतके हात कुठल्या यंत्राला असतात?

तिने फोन लावला.
ताउनो म्हणाला, गायी सप्टेंबरातच गेल्या.
हेलुना सगळ्यात शेवटी, ट्रकमध्ये चढेचना.
टाकी? टाकी चालू आहे.
पहाटे चारला आपली आपण धुतली जाते,
पाण्याचा आवाज येतो, मी उठून बसतो.
बटण आहे की, दारामागेच.
मग दोघंही बराच वेळ गप्प.
त्या भागात यालाही बोलणंच म्हणतात.

वेसा म्हणाला, दोनशे चौदा उडवून टाक, सुटलो.
तिने नाही उडवला.
मोडून बाहेर पडायची जी वाट होती
तिच्यावर एक ओळ घातली :
जाताना हातातलं खाली ठेव,
बेरीज पुरी होवो न होवो.
मग कॉफी. मग दुसरी कॉफी.
खिडकीबाहेर तीन वाजताच अंधार.

गुरुवारी मेमरीचा आलेख
गोठलेल्या तळ्यासारखा सपाट.
दोनशे चौदापुढे अजून शून्यच.
वेसा सवयीने खाली तळघरात गेला,
सर्व्हरच्या बटणापर्यंत बोट नेलं,
मागे घेतलं,
आणि ते कुठे ठेवावं न कळून
थोडा वेळ तिथेच उभा राहिला.