कित्ता

कॅर्डलाच्या बंदरापासून तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
प्रिंटरची शाई, सायकलचे दिवे,
आणि मेलेल्या यंत्रांत माणसांचं काही उरलं असेल
तर ते काढून देणं.
मार्चमध्ये लीलो वाहेर आली
लोकरी हातमोज्यात एक डिस्क गुंडाळून.
म्हणाली, बाबांची आहे.
दीपगृहाखालच्या खोलीत बसून
सतरा वर्षं हवा लिहायचे.

डिस्कवर एकच गाठोडं.
पासवर्ड?
माहीत नाही.
मी म्हटलं, हरकत नाही,
गाठ न सोडताही आत डोकावता येतं.
हा लहानसा प्रोग्राम घडी मोडत नाही,
नुसती कड उचलून दाखवतो:
नाव, तारीख, मूळ वजन,
दाबल्यानंतरचं वजन.

सतरा ओळी आल्या. वर्षाला एक.
तिने चष्मा लावला, काढला.
एवढं सगळं एवढ्याशात मावतं कसं?

हे सगळेच विचारतात, आणि मी खांदे उडवतो.
पण तिच्या हातमोज्याला अंगठ्याशी भोक होतं.
म्हणून सांगायला बसलो:
यंत्र म्हणजे आळशी कारकून.
वारा नैऋत्येचा. समुद्र शांत. जहाज नाही.
हे ते एकदाच लिहितं.
उद्या तेच आलं की लिहितं, कित्ता.
परवा कित्ता.
कित्त्यांची रांग वाढली की
तीही लिहीत नाही, नुसता आकडा टाकतं.
जे पुन्हा पुन्हा घडतं त्याला जागा लागत नाही.

ती हसली. बाबाच ते, म्हणाली.
सकाळी बार्लीची पेज, कित्ता.
दारातून बूट झटकणं, कित्ता.
दार लावताना माझ्याकडे न बघता
'थंडी आहे' म्हणणं.

शंभरातले चार उरले, १९९३.
शंभरातले चार, १९९४.
पाच. (त्या वर्षी बर्फ लवकर पडला असेल.)
चार.
आणि मग १९९७:
शंभरातले एकेचाळीस.
मूळ वजनही बाकीच्यांच्या तिप्पट.

मला वाटलं, फाईल बिघडली.
तपासणीचं बटण दाबलं. हिरवी पट्टी
शांतपणे शेवटपर्यंत गेली.
बिघाड नाही.
हवेत इतकं नवं काय असतं, मी म्हटलं,
एका वर्षात इतक्या न घडलेल्या गोष्टी?

ती बराच वेळ काही बोलली नाही.
समोरच्या गॅरेजात कुणीतरी टायर आपटत होतं.
मग म्हणाली,
त्या वर्षी मी सोळाची.
जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत
आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.
का, ते आता धड आठवतही नाही.
एका बोटीवरून सुरू झालं.

एकच ओळ कुलपाशिवाय होती, २००४.
ती उघडून दे, म्हणाली.
घडी मोडली. पडदाभर
वारा नैऋत्येचा, वारा नैऋत्येचा.
तिने सगळं वाचलं, उभ्याने,
एकही कित्ता न गाळता,
फेब्रुवारीत एकदा 'ईशान्येचा' आलं
तेव्हा थोडी थांबली.

मी म्हटलं, बाकीचं फोडायची साधनं आहेत,
वेळ लागतो, कधी महिने, कधी काहीच हाती लागत नाही.
नको, म्हणाली.
मग, थांब. एक शब्द करून बघू?
बाबा बोटीला एका नावाने हाक मारायचे,
पाटीवरचं नाव वेगळं होतं.

कळफलक तिच्याकडे सरकवला.
अशा वेळी मी शाईची खोकी मोजतो.
काळ्या अकरा, निळी एक,
पिवळी संपलीय, मागवायला हवी.
मागे सहा कळा वाजल्या.
मग बराच वेळ थांबून
सातवी.