तिथीची पाऊण

आज तेवीस तारीख.
विसाचं काम टेबलावर
उघड्या डोळ्यांच्या सुरमईसारखं पडलंय.
वास यायला लागलाय.

जाळी-दोरांच्या दुकानाचे चोगले, बर्फवाले मुकादम,
बोटींच्या इंजिनांचे पार्ट विकणारा पावशांचा मुलगा,
अर्ध्या हर्णैची रिटर्नं माझ्या हातून जातात.
म्हणजे, जायला हवीत.
उशिराचे दिवसाला पन्नास.
ते मी गुपचूप माझ्या पर्समधून भरते.
मागच्या वर्षी तेवढ्यात एक फ्रीज आला असता.

सतराला बसले होते, खोटं नाही.
मुकादमांचं पहिलं बिल उघडलं: बर्फाच्या लाद्या, दोनशे चाळीस.
एका लादीचं वजन किती असेल?
पूर्वी त्या भुशात ठेवत. भुशावरून आरागिरणी,
आरागिरणीच्या आवाजावरून आठवलं
गॅसवर दूध.
दूध पुसता पुसता ओट्याखाली सापडला
गणपतीपासून हरवलेला स्क्रूड्रायव्हर,
आणि रात्री दीड वाजता
पंख्याचा रेग्युलेटर मी अगदी उत्तम दुरुस्त केला होता.
मुकादमांच्या लाद्या
स्क्रीनवर वितळत होत्या.

चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी एकेचाळिसाव्या वर्षी
कागदावर चार अक्षरं लिहून दिली. एडीएचडी.
एसटीत खेडपर्यंत रडले.
खेडच्या पुढे हसू आलं.
शाळेच्या दर प्रगतिपुस्तकावर बाईंचं ते वाक्य,
'हुशार आहे, पण'
तीस वर्षांनी कुणीतरी पुरं केलं होतं.

गोळीने आवाज कमी होतो.
लिलाव थांबत नाही.
डोक्यात बंदरावरची संध्याकाळ चालूच,
कोलंबीची बोली, बांगड्याची बोली,
ओरडणारे शंभर, आणि टोपली कुणाची
कुणालाच ठाऊक नाही.

बंदरावर मात्र भरतीचा हिशेब तोंडी.
तिथीची पाऊण करायची.
आज चतुर्थी, चार पाऊण तीन.
तीनला पाणी भरणार. उद्या पावणेचारला.
हे मला फार आवडलं.
बघा, म्हटलं चोगल्यांना, समुद्रसुद्धा
रोज पाऊण तास उशिरा येतो,
त्याला कोण पन्नास रुपये लावतं?

चोगले दाराच्या चौकटीत उभे. हसले नाहीत.
"उशिरा येतो खरा," म्हणाले,
"पन किती उशिरा ते सांगून येतो गो."

माझा फोन तेव्हा उशीखाली होता.
तीन दिवस.
त्यात त्यांचे अकरा मिस्ड कॉल.

ओरडले असते तर बरं झालं असतं,
ओरडा खायची मला सवय आहे, त्यावर मी तासभर चालते.
त्यांनी चप्पल काढली,
पिशवीतून विणायची सुई काढली, नायलॉनचा गुंडा,
आणि उंबऱ्यात बैठक मारली.
"तू कर. मी हितं बसतो.
तसाही तो ओटीपी माझ्याच फोनवर येनार."

ते बोलले नाहीत. मीही नाही.
सुई जात होती, येत होती.
मी मान वर करी, ते तिथेच असत,
मान वर केल्याचं त्यांनी पाहिलेलं नसे,
आणि मी परत खाली, एप्रिलच्या बिलांत.
दोन तास. मला. दोन तास!
यात काय जादू आहे ते डॉक्टरीणबाईंना विचारायचंय,
विसरले नाही तर.

तीनला पाच कमी असताना ओटीपी आला.
चोगल्यांनी तो चष्मा लावून
एकेक आकडा ठासून वाचला,
लिलावात शेवटची बोली सांगावी तसा.

उशिराचे दीडशे मी पर्समधून काढायला गेले.
"किती?" त्यांनी विचारलं.
सांगितलं.
मागच्यांचंही सांगितलं. सगळंच.
ते बराच वेळ गाठ आवळत राहिले.
"फ्रीज?" एवढंच म्हणाले.

मग उशीखालून फोन काढून
पावशांच्या मुलाला लावला.
तुझं झालेलं नाही. सुरूच केलेलं नाही.
"ताई, परवा तरी?"
हो म्हणायला जीभ पुढे आलीच होती,
ती नेहमीच वेळेवर येते.
परवा नाही, म्हटलं. सव्वीस. दुपारनंतर.
चुकलं तर सकाळीच सांगेन.

पलीकडे गप्प.
मग म्हणाला, "चालेल."

चोगले गेले. जाळ्याचा तुकडा उंबऱ्यात विसरून.
मुकादमांची फाईल उघडली आहे.
लाद्या दोनशे चाळीस.
ही गाठ पण घातलीये कशी,
एकाच दोऱ्याने, दोन्हीकडून