अँटेना दुरुस्ती, सात मिनिटं

सिम्फेरोपोलपासून थोडं दूर, द्राक्षमळ्यांच्या मागं,
तारेच्या कुंपणात आमची इमारत.
दारावरचा शिपाई रोज माझी पिशवी उपसायचा:
भिंग, लोकरीचे मोजे, सूर्यफुलाच्या बिया.
मूठभर बिया जप्त, बाकी परत.

आत, चंद्र.
काचेवर, राखाडी, ताटाएवढा.
दर काही सेकंदांनी एक नवं चित्र,
आणि दोन चित्रांच्या मध्ये
गाडी कुठं असेल ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

गाडी चालवायचे ते पाच जण क्षेपणास्त्र दलातले.
मेजर ल्याशेंकोनं जन्मात मोटार चालवली नव्हती.
म्हणूनच निवडला, म्हणे:
ज्याला रस्त्याची सवय नाही, तोच तिथं चालेल.
त्याच्या बोटांना इतकी वर्षं एकच शिकवलेलं,
जमिनीखाली, किल्लीपाशी,
हुकूम येईतो थांबणं.
तो हुकूम कधी आला नाही.
आला नाही म्हणून तर मी हे लिहिते आहे.

आम्ही दगडवाले. आमचं त्यांचं जमायचं नाही.
ते मीटर मोजायचे: आज किती, कालच्यापेक्षा किती जास्त.
संध्याकाळी आकडा मॉस्कोला जायचा.
मी मोजत होते कोट्यवधी वर्षं,
आणि मला हवं असायचं थांबणं.
"तिथं, डावीकडं, तो फुटका दगड..."
"मार्गात नाही, कॉम्रेड झादोरोझ्नाया."
"मार्ग कुणी आखला?"
"मार्ग आखलेला आहे."

मग एक पहाट. फेब्रुवारी.
वर सावल्या लांबत चाललेल्या,
दोन आठवड्यांची रात्र दारात उभी.
कर्नल सिगारेट ओढायला बाहेर.
ल्याशेंको मान न वळवता म्हणाला, "किती अंश?"
मला वाटलं, आपलेच कान.
कुठलं चंद्रबळ आणून मी बोलले कोण जाणे,
"बारा. डावीकडं."

हुकूम गेला.
सव्वा सेकंद जायला, सव्वा यायला,
आणि वर चित्राची वाट.
त्याला थांबायची सवय होती. मला नव्हती.
मी मोज्यातली बोटं आवळून बसले.

दगडाची कड
आत्ता कापलेल्या पावासारखी पांढरी.
सगळं जुनं, जुनं, जुनं, आणि ही एक ताजी.
तीन चित्रं मिळाली. चौथ्यात सावली.

नोंदवहीत त्यानं लिहिलं:
अँटेना दुरुस्ती, सात मिनिटं.
अँटेनावाला पोरगा, लेफ्टनंट शेरेमेत,
त्यानं वाचलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मी मेजरच्या टेबलावर बियांची पुडी ठेवली.
त्यानं तिचीही नोंद केली.

माझ्या लेखात आभार मानले होते "संबंधित विभागाचे".
त्याची बायको मला हेरिंगच्या रांगेत भेटायची.
"यांचं काय, संपर्क खातं," म्हणायची,
"दिवसभर नुसतं बसायचं काम."
मी मासे मोजून घेत होते.

सरावासाठी बांधलेला खोटा चंद्र
इमारतीमागं राहिला बरीच वर्षं.
हातानं खणलेल्या खड्ड्यांत पाणी साठायचं,
शेळ्या यायच्या प्यायला.
खऱ्यावर चाकांच्या दोन ओळी आहेत,
सरळ, सरळ, मग मधेच डावीकडं.
नकाशा करणारी पोरं अजून विचारतात,
इथं गाडी का वळली?

मी सांगते: अँटेना.