भागिले अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चार

बहिरट खिडकीशी आले तेव्हा
पहिला रॅक मशीनमध्ये फिरत होता,
रास्ता पेठेत दुधाचे क्रेट अजून उतरत होते.
त्यांनी दोन कागद सरकवले.
एक आमचा, दिवाळीआधीचा: क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन.
दुसरा मस्कतचा, मुलाकडे असताना काढलेला:
एकशे सहा.

"ताई, किती दिवस उरलेत तेवढं सांगा."

अकरा दिवस अळणी जेवत होते.
हवा मानवत नाही म्हणून तिकीट बदललं,
आल्या आल्या कोंढव्याचा फ्लॅट
मुलीला बक्षीसपत्र करून दिला.
तिला कारण सांगितलं नाही.

एकशे सहाच्या पुढे मुंगीएवढ्या अक्षरात
मायक्रोमोल होतं.
मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे वळवला.
शेवटचं बटण त्यांनाच दाबू दिलं.

एक पूर्णांक एक नऊ नऊ.

त्या दोन नऊंकडे ते बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, भवानी पेठेत वडिलांचं भुसारी दुकान.
शेर गेला, किलो आला, तेव्हा मी दुसरीत.
शिक्क्याची नवी वजनं आली,
जुनी गोणपाटात बांधून माळ्यावर.
तरी बायका पावशेरच मागायच्या,
आणि वडील मनात हिशेब करून
वर मूठभर जास्त टाकायचे.
मापाच्या घोळात गिऱ्हाईक मरता कामा नये, म्हणायचे.

गुरुवारी आमच्या सहा शाखांची बैठक आहे.
हडपसर प्रति लिटर लिहितं, आम्ही प्रति डेसिलिटर,
चिंचवडचं नवं मशीन कंपनीनं भरलं तेच छापतं.
एकाच बाईचं हिमोग्लोबिन
नदी ओलांडली की दसपट.
साहेब म्हणतात, डॉक्टरांना कळतं.

कळतं.
पण रात्री दोनला, चष्मा चाचपत,
अंथरुणात बसून
तो कागद डॉक्टर वाचत नसतो.

माझ्या आईची प्रकृती तोळामासा, असं सगळे म्हणायचे.
किती तोळे, किती मासे, कोणी विचारलं नाही.
तेव्हा नुसतं माप होतं, आकडा नव्हता.
आता आकडाच आकडा.

"आणि बक्षीसपत्राचं?" मी विचारलं.
"राहू दे," बहिरट म्हणाले,
"ते नको भागायला."

कागदांची घडी खिशात घातली,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून वळून विचारलं,
इथे जवळ खारे दाणे कुठे मिळतील.