चव्वेचाळीस

इथेल माझा धाकटा भाऊ. बिनचुन्याच्या भिंती रचतो.
रचायचा.
दगड उचलला की एकदाच फिरवून बसवायचा,
दुसऱ्यांदा हातात घेतला तर रुसतो म्हणे दगड.

आज सकाळी सातला, कार्डिफच्या इस्पितळात,
त्याच्या कवटीला बारीक भोकं पाडली.
आत खोल, जिथून हातपाय ताब्यात राहतात,
तिथे एक पोकळ केलेला विषाणू सोडतायत
थेंब थेंब, इतका सावकाश
की दुपारपर्यंत चमचाही भरायचा नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं:
तीन अक्षरं, त्यांच्यामागे पुन्हा तीच तीन.
माझ्यात एकोणीसदा. त्याच्यात चव्वेचाळीसदा.
इथेल हसला. म्हणाला, एकाच मापाचे दगड
इतके लागोपाठ लावले तर भिंतीला पोट सुटणारच.
मग काढून टाका ना ते, मी म्हणाले.
काढता येत नाहीत. ओळ तशीच राहते,
ती मोठ्याने वाचणारा आवाज तेवढा दाबायचा.

बाबांचा हात ताटावरून उडायचा.
चॅपलमध्ये गुडघा पुढच्या बाकावर आपटायचा,
आणि मिसेस प्रोथेरो वाकून आईला विचारायची,
सकाळीसकाळीच घेतली का यांनी?
आई हो म्हणायची.
दारूचं एक बरं असतं, ती पोरांत उतरत नाही.

आम्ही दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं,
निकाल ऐकायला वेगवेगळ्या खोल्यांत बसलो.
माझा ऐकून मी रडले. मग दारातून तो बाहेर येताना दिसला
आणि घाईने डोळे पुसले.
त्याला सहा वर्षं झाली.
त्याच्यादेखत मी सुईत दोरा ओवलेला नाही.

तीन वर्षांनी कळेल, बाई म्हणाल्या.
हात आज हलतो तेवढाच हलला, तर जिंकलो.
असलं जिंकणं मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने डोळे नीट उघडले.
डोक्याला पट्ट्या, ओठांना सालं.
पहिलं काय विचारावं? वरच्या कुरणाच्या भिंतीतलं
खिंडार बुजवलं का कुणी?
हो, मी म्हणाले.
कुणी बुजवलेलं नाही.

नर्सने चहा आणला. सवयीने मी अर्धा बेसिनमध्ये ओतला
आणि कप त्याच्या हातात दिला.
त्याने कपात पाहिलं, मग माझ्याकडे.
मी खिडकीकडे वळले.
मेंढ्या एव्हाना रस्त्यावर आल्या असतील.