पाठमोरी

मालिकेतली ती सोळाव्या भागात स्वतःला सापडते.
संहितेत तसं लिहिलंच आहे, पान बेचाळीस:
'यून-सो पूल ओलांडते. मागे वळून पाहत नाही.'
तोवर पंधरा भाग ती रडते, रुसते, प्रेमात पडते,
पोर्तोच्या चढणींवर उंच टाचांनी अडखळते,
आणि दर वेळी तो वास्तुविशारद
नेमका त्याच वळणावर उभा असतो.

मी तिच्या आधी येते.
पहाटे साडेपाचला,
तिच्या पिवळ्या कोटाची दुसरी प्रत अंगावर चढवून
खडूच्या खुणेवर उभी राहते.
दिवेवाले माझ्या गालावर तिचा उजेड मोजतात.
उजेड जमला की ती येते, मी सरकते.
लांबच्या दृश्यांत मात्र मीच. पाठमोरी.
तिचा चेहरा, माझी पाठ,
असं एका बाईचं काम आम्ही दोघी मिळून करतो.

तिची चाल मी पाठ केली होती.
खांदे हलके, पावलं मोजकी,
पाय रोवायचा नाही, नुसता टेकवायचा.
माझी चाल गुन्सानच्या मासळीबाजारातली:
आईबरोबर बर्फाच्या पेट्या वाहून
डावा खांदा खाली गेलेला,
ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून पावलं फाकलेली.
'हे दिसता कामा नये,' दिग्दर्शक पँग म्हणाले
पहिल्याच दिवशी. रागावून नाही,
कोटावरचं सूत झटकावं तसं.

यून-सो ज्या घरात भाड्याने राहते
ते दोना एर्मेलिंदाचं.
नऊ दिवसांपुरतं तिने स्वयंपाकघर दिलेलं.
तिथे लिंबाच्या रंगाचे पडदे आले,
तिचे ठिगळाचे पडदे घडी होऊन पलंगाखाली गेले.
ती दाराबाहेर पायरीवर मटार सोलत बसायची.
मीही बसू लागले.
भाषा नव्हती. शेंगा होत्या.
चौथ्या दिवशी तिने माझ्याकडे बोट केलं:
यून-सो?
मी मान हलवली. नाही.
मग?
जीभ अडली.
तीन आठवड्यांत कुणी विचारलंच नव्हतं.
सोल-ही, म्हटलं.
'सोल!' तिने वर बोट दाखवलं.
तिच्या भाषेत सोल म्हणजे सूर्य, हे मला मागाहून कळलं.
त्या क्षणी वर नुसते ढग होते
आणि ती का हसतेय ते न कळताच
मीही हसत सुटले, मांडीवरचे दाणे सांडेपर्यंत.

शेवटच्या दिवशी पूल.
कॅमेरा पलीकडच्या तीरावर, मुंगीएवढा.
कानातला आवाज म्हणाला, चल.
समुद्राकडून वारा आला, कोटाने शीड धरलं,
मागून मेट्रो गेली, लोखंड तळव्यातून थरथरत वर चढलं.
कुरव पक्षी ओरडत होते,
अगदी आमच्या धक्क्यावरचे, तसेच भांडखोर.
अर्ध्या वाटेत लक्षात आलं,
खांदा खाली गेलाय.
पावलं फाकलीत.
थांबून 'पुन्हा घेऊ' म्हणता आलं असतं.

थांबले मी, पण वेगळ्या कारणासाठी.
कठड्यावरून वाकून खाली पाहिलं:
एर्मेलिंदाच्या खिडकीत
ठिगळाचे पडदे परत लागले होते.
मग चालले. जशी चालते तशी.
कानात बराच वेळ खरखर.
मग पँग यांचा दमलेला आवाज:
'उजेड गेला. हेच ठेवा.'

नोव्हेंबरात शेवटचा भाग लागला.
एका समीक्षकाने लिहिलं,
शेवटी यून-सोची चालसुद्धा बदलते,
काय बारीक अभ्यास आहे अभिनेत्रीचा!
खरंय. तीही बिचारी राबली होती,
तापात भिजण्याचं दृश्य सहा वेळा दिलं होतं तिने.

रात्री आईचा फोन.
पोलाद्यांवरून बाजार अजून धुतला जात होता,
मागे पाण्याचा आवाज.
मालिकेबद्दल चकार शब्द नाही.
जेवलीस का, विचारलं. थंडीचं विचारलं.
फोन ठेवता ठेवता म्हणाली,
'पुलावर एकटीच गं?
पेटी कुठे ठेवलीस?'